खोल पाण्यावरची फळी

मी एक जुनी फळी आहे. तेरा फूट लांब, दीड फूट रुंद. मित्रांनो, आज तुम्ही मला पाहिलेत तर म्हणाल, हे सामान ठेवायचे फळकूट आहे. तुमचे काही चुकणार नाही. पंपाच्या खोलीत चार विटांवर मी आडवी पडले आहे. माझ्या अंगावर तुरटीची पोती आहेत, क्लोरीनचे डबे आहेत आणि कुणाची तरी बिनचाकाची सायकल आहे. पण सामान वाहायला मला घडवले नव्हते. एकतीस वर्षे मी पोहण्याच्या तलावावर, पाण्यापासून दहा फूट उंच उभ्या असलेल्या लोखंडी सांगाड्यावर होते आणि माणसे माझ्यावरून पाण्यात उड्या मारत.

ही गोष्ट मला डोळ्यांत पाणी आणून सांगता येणार नाही. लाकूड फार दिवस कोरडे राहिले की त्याची जाणीव हळूहळू जाते. तुमचा पाय झोपतो ना, तसे. चिमटा काढला तर कळते की काढला, पण दुखत नाही. तेव्हा जे झाले ते झाले तसे सांगते.

मला घडवणारा सुतार मोठा चिकित्सक होता. त्याने दोन ओंडके परत पाठवले, कारण त्यांत गाठी होत्या. तिसरा त्याला पसंत पडला, ती मी. माझे मागचे टोक त्याने जाड ठेवले आणि पुढचे रंधा मारून मारून पातळ केले, म्हणजे वजन पडले की मी वाकावे आणि वजन सुटले की उसळावे. अंगावर काथ्याची चटई ठोकली, पाय घसरू नये म्हणून. मला सांगाड्यावर चढवून मागे दोन मोठ्या बोल्टांनी आवळले, तेव्हा तो कानावर पेन्सिल तशीच ठेवून थेट माझ्या टोकापर्यंत चालत आला. तीनदा पाय आपटले. मग त्याने खाली बघितले. खाली बारा फूट खोल पाणी होते आणि त्याला पोहता येत नव्हते. परत येताना तो हातापायांवर रांगत आला.

"फळीला काही होत नाही," खाली उतरल्यावर तो म्हणाला. "माझं मात्र आत्ता झालं असतं."

तलावावर पोहणे शिकवायला एक मास्तर होते. दार उघडायच्या आधी ते रोज सकाळी अकरा पायऱ्या चढून वर येत. कमरेला पाना खोचलेला असे. दोन्ही बोल्ट आवळून बघत, चटईवरून तळवा फिरवत, कुठे खिळा वर आलाय का ते पाहत. मग टोकाशी उभे राहून पाण्यात निरखून बघत. तलावाचा तळ स्वच्छ दिसला तर उडी, नाही दिसला तर त्या दिवशी सुट्टी, मग खाली कितीही मोठी रांग असो. एकदा एका बड्या साहेबांनी पाहुणे आणले होते. मास्तरांनी त्यांनाही खालूनच परत पाठवले. पाणी गढूळ होते.

मी माणसे तळव्यांवरून ओळखायला शिकले. पोस्टमनच्या टाचांना भेगा होत्या. बेकरीवाल्याचे पाय सदा गरम असत. जो भ्यालेला असे त्याच्या पायाची बोटे माझ्या कडेला आकड्यासारखी वळत. भ्यालेली बोटे मी हजारोंनी पाहिली. त्यांतली निम्मी जिन्याने परत गेली आणि निम्मी पाण्यात. मला दोन्ही चालत असत.

मास्तरांची एक मुलगी होती. चणीने इतकी लहान की सगळे तिला टिकली म्हणत. आठ वर्षांची असताना ती पहिल्यांदा वर आली. तोवर तिला खोल पाण्यात नीट पोहता येऊ लागले होते. नऊ दिवस ती रोज आली, टोकाशी उभी राहिली आणि परत गेली. मास्तर खाली पाण्यात हात मारत थांबलेले असत. त्यांनी एकदाही "मार उडी" म्हटले नाही. दहाव्या दिवशी टिकलीने वरून विचारले, "लागेल का?"

"पोटावर पडलीस तर लागेल," मास्तर म्हणाले.

तिने थोडा वेळ विचार केला आणि उडी मारली. ती पोटावरच पडली. वर आली तेव्हा नाकातोंडात पाणी गेलेले, पोट लालेलाल. काठावर बसून ती मनसोक्त खोकली आणि मग सरळ जिन्याकडे आली. त्या दिवशी ती एकवीस वेळा चढली. संध्याकाळपर्यंत तिची बोटे माझ्यावर सरळ पडू लागली होती. कुणीतरी तिचा हवेतला फोटो काढला. हात पसरलेले, तोंड उघडे, खाली पाणी. तो पुढे कार्यालयातल्या भिंतीवर लागला.

वर्षे गेली. दोनदा माझी चटई बदलली, स्पर्धा झाल्या, वर्तमानपत्रात माझे नाही पण माझ्यावर उभ्या राहिलेल्यांचे नाव आले. टिकली शिकली, तिचे लग्न झाले, मुलगा झाला, आणि एके दिवशी ती तलावाची व्यवस्थापक होऊन परत आली. आता लोक तिला मॅडम म्हणत. मास्तर निवृत्त झाले होते, तरी त्यांची खुर्ची काठावर होती आणि सकाळचा पाना त्यांनी सोडला नव्हता. घरी ती त्यांना बाबा म्हणे, तलावावर मात्र इतरांसारखे मास्तरच.

मग तो अपघात झाला. एक नऊ वर्षांचा मुलगा मित्राला हुलकावणी देत ओल्या पायऱ्यांवरून पळत वर येत होता. सातव्या पायरीवर त्याचा पाय सरकला आणि हनुवटी लोखंडावर आपटली. चार टाके पडले, एक दात अर्धा तुटला. तो माझ्यापर्यंत पोचलाच नव्हता.

तीन दिवसांनी त्याचे वडील आले. त्यांचे औषधांचे दुकान होते. भांडखोर माणूस नव्हता. माझ्याच खाली, सावलीत, ते टिकलीशी बोलत उभे राहिले.

"सातव्या पायरीवरून पडला म्हणून हनुवटीवर निभावलं," ते म्हणाले. "वरून जिन्यावर पडला असता तर?"

"इतक्या वर्षांत तसं कधी झालेलं नाही," टिकली म्हणाली.

"झालं नाही, मान्य. पण होणार नाही, असं लिहून द्याल?"

टिकलीने जिन्याकडे पाहिले.

"मी तक्रार करायला आलो नाहीये हो," ते म्हणाले. "मला रात्री झोप लागत नाही, एवढंच. डोळे मिटले की पायऱ्या दिसतात."

ते गेल्यावर टिकली मास्तरांच्या खुर्चीपाशी गेली. "त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच विचारलं असतं," ती म्हणाली. मास्तर म्हणाले, "मीसुद्धा. जिन्यावर काथ्या लावून घेऊ." पण ते तेवढ्यावर राहिले नाही. चौकशीसाठी तीन जणांची समिती आली. तिघे काठाने फिरले, वर मात्र कुणी आले नाही. त्यांतल्या एकाने माझ्याकडे छत्री रोखली आणि विचारले, "मॅडम, ही फळी नसली तर काय अडेल?"

टिकलीने मान वर करून माझ्याकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. मला वाटले, ती काहीतरी सांगेल. पण काय सांगणार? माझ्यावाचून कुणाचे जेवण अडत नव्हते की कुणाची शाळा.

"अडणार काही नाही," ती म्हणाली.

"मग प्रश्न मिटला."

कागद जिन्याच्या कठड्यावर ठेवून तिने सही केली. मध्ये एकदाही थांबली नाही. ते मी नीट पाहिले.

जिन्याला साखळी लागली आणि साखळीला पाटी. त्या पाटीला लवकरच सोबत मिळाली. पळू नये. सूर मारू नये. एकमेकांच्या अंगावर पाणी उडवू नये. मुलांना पाण्यात उतरायच्या आधी नारिंगी जॅकेट सक्तीचे झाले. पंपवाले काका, जे माझ्या जन्मापासून तिथेच आहेत, भिंतीकडे बघून म्हणाले, "आता 'भिजू नये' तेवढी लावायची राहिली."

वर कुणीही जायचे नाही या नियमात मास्तरही आले. ते टिकलीच्या कार्यालयात गेले. दार उघडे होते, म्हणून मला ऐकू आले.

"निदान बोल्ट आवळायला तरी जाऊ दे."

"नियमात बसत नाही, मास्तर."

त्यांनी कमरेचा पाना काढून तिच्या टेबलावर ठेवला. तिने तो उचलून कपाटावर ठेवला.

मित्रांनो, माझे सुन्न होणे तेव्हा सुरू झाले. आधी उन्हाने चटई भुरभुरली. मग लाकूड सुकून आवळले, पावसात फुगले, परत सुकले. या फुगण्या-सुकण्यात डावीकडच्या बोल्टाची पकड सुटत गेली. माझ्यावर कुणी नाचले नाही, उडी मारली नाही. नुसते कुणी बघितले नाही, म्हणून तो सैल झाला. आठ महिन्यांत मी खरोखरच धोक्याची झाले. त्याआधी नव्हते.

टिकलीच्या मुलाला सगळे ढब्बू म्हणत. नावाचा ढब्बू, अंगाने काडी. वय दहा. रोज दुपारी शाळेतून तो तलावावर येई आणि नारिंगी जॅकेट घालून पाण्यावर तरंगे. म्हणजे जॅकेट तरंगे, हा त्यात असे. आईचा हवेतला फोटो तो रोज बघत असे. एका दुपारी, तलाव जेवणासाठी बंद असताना, तो साखळीखालून वाकून आत शिरला. जॅकेट नव्हते. आठ महिन्यांनी माझ्या अंगावर पाय पडले. बोटे आकड्यासारखी वळलेली होती. मला फक्त वजन कळले.

टिकली जेवणाचा डबा घेऊन बाहेर आली आणि तिने वर पाहिले. तिचे तोंड उघडले.

"ओरडू नकोस," मास्तर खुर्चीतून हळू म्हणाले. "दचकेल."

तिने तोंड मिटले. मास्तर उठून काठाशी आले आणि रस्त्यात भेटलेल्या माणसाशी बोलावे तसे बोलू लागले.

"ढब्बू, काय दिसतंय वरून?"

"छप्पर. सायकली. आजोबा, तुमचं टक्कल."

"ते राहू दे. पाणी कसं आहे?"

"हिरवं."

"तळ दिसतो?"

ढब्बूने वाकून पाहिले. "नाही."

"मग आज उडी नाही. शिवाय ती फळी किती महिने कुणी तपासलेली नाही. आहेस तिथे बस. बसलास? आता मागे सरक. घाई नाही."

"आईने मारली होती ना?"

"मारली होती. त्या दिवशी सकाळी मी वर जाऊन आलो होतो."

ढब्बू बसून मागे सरकू लागला. तो मध्यावर आला तेव्हा डावा बोल्ट कट्कन वाजला आणि मी बोटभर कलले. तिघांनीही ते ऐकले. ढब्बू थिजला. "ये, ये, सरकत राहा," मास्तर म्हणाले. तो सरकत राहिला. जिन्याचा कठडा त्याच्या हाताला लागला, आणि एकेक पायरी करत तो खाली गेला.

टिकलीने त्याचा दंड धरला. रागावली नाही. नुसता धरला, आणि सोडला तेव्हा तिथे तिची चार बोटे उमटली होती.

"कपाटावरचा पाना दे," मास्तर म्हणाले. "बोल्ट आवळतो. पाणी स्वच्छ करून घेऊ. याला महिनाभर खोल पाण्यात मी शिकवतो, जॅकेटाशिवाय. मग वर जायचं की नाही ते त्याचं तो ठरवेल."

टिकलीच्या हातात अजून डबा होता. "बाबा, त्याला काही झालं तर?"

तलावावर त्यांना बाबा म्हणताना मी तिला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले.

"होऊ शकतं," मास्तर म्हणाले.

"नाही होणार म्हणा ना. एवढं म्हणालात तर देते."

"ते मला कसं म्हणता येईल?"

आत कार्यालयात फोन वाजत होता, तो वाजून बंद पडला. "उद्या बघू," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने बघितले नाही. मुलगा वर चढल्याचे तिने स्वतःच कागदावर लिहून समितीला कळवले. तिने ते लपवले असते तरी चालले असते, पण ती तशी नव्हती. महिन्याभरात चार मजूर आले. त्यांतला एक पाना घेऊन वर चढला आणि हसला. "हा तर हातानेच निघाला," तो खालच्यांना म्हणाला. मला दोरांनी उतरवले. तलाव रिकामा केला, खोल भागात राडारोडा भरला, वर सिमेंट ओतले. आता या टोकापासून त्या टोकापर्यंत पाणी चार फूट. कुठेही उभे राहिले तरी पाय टेकतात.

मास्तर त्यानंतरही दोन वर्षे येत राहिले. खुर्ची त्यांनी पाण्याकडे तोंड करूनच ठेवली होती. मग ते आजारी पडले आणि घरीच वारले. त्या दिवशी तलाव अर्धा दिवस बंद होता. मला कळले ते पंप लवकर बंद झाला म्हणून.

खोटे कशाला बोलू, फळी काढल्यापासून तलावावर एकालाही खरचटले नाही. तसे प्रमाणपत्र आले आणि भिंतीवर लागले. त्यासाठी जागा हवी म्हणून हवेतला फोटो उतरवला. औषधाच्या दुकानदारांना आता झोप लागत असेल, आणि त्यांना ती लागावी असेच मला वाटते. ज्या मुलांनी कधी वरून खाली पाहिले नाही, त्यांच्यात काय कमी राहिले हे मात्र कुठल्या कागदावर येणार? त्याला टाके पडत नाहीत.

ढब्बू चौदा वर्षांचा झाला. शाळेची सहल तळ्यावर गेली, होडीतून पलीकडे जायचे होते. सगळे होडीत बसले. ढब्बूने काठावरून एक पाय होडीत ठेवला, होडी हलली, त्याने पाय परत घेतला. तो दिवसभर बसमध्ये बसून राहिला. शिक्षकांनी वहीत लिहिले, 'विद्यार्थी सुरक्षित.'

दुसऱ्या दिवशी टिकली क्लोरीन किती उरले ते बघायला पंपाच्या खोलीत आली. काका मोटारीला तेल घालत होते. तिने एक पोते बाजूला सारले आणि माझ्यावर बसली. मला वाटते, आपण कशावर बसलो आहोत हे तिला माहीत होते.

"काका, ढब्बू सहलीला बसमध्येच बसून राहिला," ती म्हणाली. "होडीत बसायला भ्याला. घरी येऊन म्हणतो कसा, बरं झालं, बाहेर ऊनच होतं."

"असतं एकेकाचं."

"तुम्हाला खरं सांगू? त्याने सांगितलं तेव्हा मला बरं वाटलं. माझं पोरगं भ्यालं आणि मला बरं वाटलं."

"आईला वाटणारच की."

"वाटतं ना. म्हणूनच म्हणते." काकांनी तेलाची बुधली पुसली, परत पुसली. थोड्या वेळाने ती उठली, डबे मोजायचे तसेच ठेवून गेली.

त्यानंतरच्या रविवारी तिने ढब्बूला बसमध्ये बसवले आणि दीड तासावरच्या दुसऱ्या गावी नेले. तिथल्या तलावात अजून खोल पाणी आहे, आणि फळीही. तो आधी जायला तयार नव्हता. "मला गरज काय?" असे त्याने विचारले, तेव्हा ती एवढेच म्हणाली, "मला एकटीला जायला कंटाळा येतो."

दर सोमवारी ती काकांना सांगते आणि मी ऐकते. पहिले दोन रविवार ढब्बू काठावर बसून होता. शिकणारी बाकीची पोरे सात-आठ वर्षांची, आणि त्यांच्यात हा, वासरांत उंट उभा राहावा तसा. तिसऱ्या रविवारी पाण्यात उतरला, पण काठाची नळी सोडली नाही. दीड महिन्याने सोडली. खोल पाण्यात एकदा चांगल्या गटांगळ्या खाल्ल्या. तिथे शिकवणाऱ्या बाईंनी त्याला ओढून काढले, पाठीवर थापट्या मारल्या आणि म्हणाल्या, आता पुन्हा. टिकली बाहेर येऊन ओकली. मग तोंड धुऊन परत आत गेली.

गेल्या रविवारी तो तिथल्या फळीवर चढला. टोकापर्यंत गेला, उभा राहिला आणि जिन्याने खाली आला.

"तुम्ही कुठे होता?" काकांनी विचारले.

"खालीच. हात पाठीमागे धरून उभी होते. नाहीतर उगाच पुढे झाले असते."

"भीती गेली का मग?"

"त्याची थोडी गेली. माझी नाही गेली. मला नाही वाटत जाईल." तिने क्लोरीनचा डबा उचलला. "येत्या रविवारी सकाळची सातची बस आहे."

मित्रांनो, मला परत वर बसवा, असे मी मागणार नाही. माझ्या लाकडाला आता चीर गेली आहे; माझ्यावर कुणी चढू नये हेच बरे. मागणे आहे ते तुमच्याकडे. तुमच्यावर जीव टाकणारे माणूस तुम्हाला अडवील, तेव्हा त्याच्यावर चिडू नका आणि त्याला चोरूनही काही करू नका. त्याचा हात धरा आणि सांगा, तुला भीती वाटते ना, वाटू दे. पण चल माझ्याबरोबर, आणि मी वर चढेन तेव्हा खाली थांब.